टकल्याचं कूळ

१

मुखवटे करणाऱ्या बाईंना अख्खा स्टुडिओ साचेबाई म्हणायचा. त्यांचं खरं नाव फाटकावरच्या पहारेकऱ्यालाही ठाऊक नव्हतं आणि त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं. त्यांची खोली स्टुडिओच्या मागच्या अंगाला, सुतारांच्या शेडला लागून होती. लांबट खोली, कोपऱ्यात मोरी, मधोमध उंच पाठीची खुर्ची आणि भिंतभर फळ्या. फळ्यांवर डोकी. मालिकेत मुखवटा घातलेल्या सगळ्या मोठ्या नटांची प्लास्टरची डोकी, डोळे मिटलेली, ओठ आवळलेली. नवखं कुणी आलं की दारातच थबकायचं. साचेबाई म्हणायच्या, "या, या. ही मंडळी चावत नाहीत. चावणारे सगळे पुढे ऑफिसात बसतात."

काम समजायला सोपं होतं. माणसाला खुर्चीत बसवायचं. दातांचे डॉक्टर ठसा घ्यायला जी पूड वापरतात तीच पाण्यात कालवून लापशी करायची आणि तोंडभर थापायची, वरून प्लास्टरच्या पट्ट्या. लापशी धरली की ठसा अलगद उतरवायचा आणि त्यात प्लास्टर ओतायचं, की झालं डोकं. श्वासासाठी नाकपुड्या तेवढ्या मोकळ्या ठेवायच्या. डोळे मिटलेलेच हवेत, ती तर पहिली अट. ओठ बंद असल्याने बोलता येत नाही, म्हणून हाताची खूण ठरलेली होती. एकदा दाबला तर ठीक आहे, दोनदा दाबला तर काढा.

दोनदा दाबण्यात साचेबाईंच्या धाकट्या बहिणीचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिला सगळे धाकटीच म्हणत. ती मालिकेत गर्दीत उभी राहायची. कधी या ग्रहाची, कधी त्या ग्रहाची. कोंडून पडण्याची तिला लहानपणापासून धास्ती. न्हाणीघराची कडी ती लावायची नाही, दार नुसतं लोटून आतून गाणी म्हणायची. लिफ्टमध्ये पाय ठेवायची नाही, पाचव्या मजल्यावरच्या घरी धापा टाकत जिन्याने यायची. गर्दीतल्यांचा ठसा लागत नसे, पण कधीतरी तिलाही भूमिका मिळेल या आशेने साचेबाईंना तिचा हवा होता, आणि तो घ्यायचा म्हणजे दिव्य होतं. लापशी नाकापर्यंत पोचायच्या आत दोनदा हात दाबून मोकळी. बऱ्याच खेपांनंतर एकदाचा जमला, त्यातही कपाळावर भीतीची आठी उतरलेली. साचेबाईंचं सगळ्या फळीवर त्याच डोक्यावर प्रेम होतं. आईवडील गेल्यापासून दोघी एकमेकींना होत्या, तिसरं कुणी नव्हतं.

२

मालिका अंतराळातली होती. सहा ग्रह, सहा वंश. साचेबाईंच्या भाषेत कपाळवाले, कानवाले, खवलेवाले, गालफडवाले वगैरे. शेवटचा भाग जवळ आला तसे एका सकाळी लेखक आणि दिग्दर्शक दोघेही त्यांच्या खोलीत हजर झाले. दोघे एकदम आले म्हणजे काहीतरी अशक्य मागणार, हे साचेबाईंना अनुभवाने कळत होतं.

"बाई, प्रेक्षक पिच्छा सोडत नाहीत," लेखक म्हणाला. "विचारतात, सहा ग्रहांवरचे लोक झाडून सगळे माणसासारखे कसे? कपाळावर काहीतरी चिकटवलं की झाला का परग्रहावरचा?"

"मग खरं ते सांगून टाका. कामाला माणसंच मिळतात."

"तसं सांगता आलं असतं तर काय हवं होतं. आता शेवटच्या भागात उत्तर देतोय. सगळ्यांचा पूर्वज एकच. फार पूर्वी कुणीतरी होतं, ते जागोजागी स्वतःला पेरत गेलं. सहाही वंश त्याचेच. आपणसुद्धा. वरचे थर निराळे, आत तोच."

"खाण तशी माती," साचेबाई म्हणाल्या.

"तेच. तर त्या पूर्वजाचा चेहरा हवाय. असा की बघितल्याबरोबर सहाही वंशांना ओळख पटावी, पण तो त्यांच्यापैकी कुणासारखा असू नये."

"आणि हवा कधी?"

"या आठवड्यात," इतका वेळ डोकी न्याहाळत असलेला दिग्दर्शक म्हणाला. मग साचेबाईंनी तोंड उघडायच्या आत त्याने घाईघाईने जोडलं, "धाकटीला देऊ या तो. गर्दीत उभी राहून पाय मोडले तिचे. चार वाक्यं आहेत. सगळी महत्त्वाची."

धाकटीला कुणीतरी एक वाक्य द्यावं म्हणून साचेबाईंनी किती जणांची मनधरणी केली होती ते त्यांचं त्यांना माहीत. आता नाही म्हणणं शक्य नव्हतं.

दोघे गेल्यावर त्या फळ्यांपुढे उभ्या राहिल्या आणि त्यांना हसू फुटलं. पूर्वज तर घरातच होता. काखेत कळसा अन् गावाला वळसा, यालाच म्हणतात. मोठ्या नटांचे मुखवटे ज्याच्या त्याच्या डोक्यावर घडवले जात, पण गर्दीसाठी सरसकट मुखवटे लागत, ते सगळे एकाच जुन्या डोक्यावर माती चढवून घडवले जात. त्या डोक्याला सगळे टकल्या म्हणत. ना बाई ना बुवा, ना तरुण ना म्हातारा, बेताचं नाक, बेताची हनुवटी. कपाळवाल्यांचं पहिलं कपाळ टकल्यावर चढलं होतं, कानवाल्यांचे पहिले कानही त्याच्यावरच. सहाही वंशांच्या आत पहिल्या दिवसापासून एकच चेहरा होता.

त्यांनी टकल्याला खाली उतरवलं आणि मोरीत नेऊन ब्रशने घासायला घेतलं. वर्षानुवर्षांची माती आणि तेल निघायला लागलं. डाव्या डोळ्यावर ब्रश जरा जोरात फिरला आणि पापणीवरून प्लास्टरची एक खपली निघून पाण्यात पडली.

खाली डोळा होता. उघडा.

३

साचेबाईंनी आधी स्वतःलाच दोष दिला. कोरलेला असणार, आपलं कधी लक्ष गेलं नसेल. त्यांनी उजव्या डोळ्यावर नख लावलं. तिथलीही खपली सुटली. वरून कुणीतरी मागाहून लावलेल्या पापण्या होत्या त्या, जरा पिवळट प्लास्टरच्या. खालचे डोळे मूळचे होते.

त्यांनी भिंग आणलं. हाताने कोरलेल्या डोळ्यात हत्याराची रेघ दिसते. इथे नव्हती. ठसा जिवंत माणसावरून घेतला की कातडीची बारीक छिद्रं प्लास्टरमध्ये जशीच्या तशी उतरतात. टकल्याच्या गालांवर ती होती, कपाळावर होती. तशीच छिद्रं बुबुळांवरही होती.

मग नाकपुड्या. ठसा घेताना त्या मोकळ्या सोडलेल्या असतात, म्हणून डोक्यात तिथे प्लास्टरचे दोन खुंट येतात. ते प्रत्येक वेळी हाताने कोरून काढावे लागतात, आणि कितीही सफाईने कोरले तरी खूण राहते. टकल्याच्या नाकपुड्या आतपर्यंत नितळ होत्या. ठसा घेताना त्या लापशीने बुजलेल्या होत्या. जो कुणी या खुर्चीत बसला होता, तो डोळे उघडे ठेवून आणि श्वास न घेता बसला होता.

मेलेला असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. मेलेल्या माणसाचा ठसा घेतात, त्यात काही नवल नाही. पण मग बुबुळांवरच्या छिद्रांचं काय, हे काही त्यांना समजावता येईना.

दुपारी त्या मास्तरांकडे गेल्या. हे काम त्यांना मास्तरांनी शिकवलं होतं आणि खोलीही मास्तरांचीच, त्यांच्या हाताला कंप सुटल्यावर साचेबाईंकडे आलेली. आता ते लेकीकडे राहत आणि गच्चीत खुर्ची टाकून दिवसभर लोकांच्या नाकांना नावं ठेवत.

"टकल्या कुणाचा ठसा आहे, मास्तर?"

"इतक्या वर्षांनी सुचलं होय विचारायला?" मास्तर चहात बिस्किट बुडवत म्हणाले. "मी कामाला लागलो तेव्हा फळीवर होता. मी माझ्या उस्तादांना विचारलं, तर ते म्हणाले, मी आलो तेव्हाही होता. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये पोरी."

"त्याचे डोळे उघडे आहेत."

मास्तरांचं बिस्किट चहात पडलं. त्यांनी ते काढलं नाही.

"पापण्या काढल्यास?"

"निघाल्या. तुम्ही लावल्या होत्या?"

"मीच. काम करताना बघत असल्यासारखं वाटायचं, बाकी काही नाही." त्यांनी कप बाजूला सारला. "त्याच्यावर काहीही चढवलं ना, राक्षस म्हण, म्हातारी म्हण, तरी तो आतून ओळखू यायचा. मग घरी गेलो की बायकोच्या तोंडातही दिसायला लागला. पापण्या लावल्या आणि थांबलं ते. मनाचे खेळ असतात."

"मला आता तो नुसताच हवाय. वर काही न चढवता."

"बोटभर माती असू दे मध्ये," मास्तर म्हणाले. "नुसता आम्ही कुणी कधी उतरवला नाही."

"का पण?"

"गरज पडली नाही," मास्तर म्हणाले आणि लेकीला चहा बदलून आणायला सांगितलं.

४

साचेबाईंनी मास्तरांचं ऐकायचा प्रयत्न केला, नाही असं नाही. टकल्यावर माती चढवली. कपाळ थोडं उचललं, तर कपाळवाला झाला. गाल भरले, तर गालफडवाला. काहीही केलं तरी सहांपैकी एकाच्या घरात जाऊन बसायचा. सगळी माती उतरवली की मात्र हवा होता तसा दिसायचा, ओळखीचा आणि कुणासारखाच नसलेला. आठवडा संपत आला. शेवटी त्यांनी नुसत्या टकल्याचाच साचा घेतला, आतून रबराचा पातळ थर फासला आणि कातडं उतरवलं. डोळ्यांच्या जागा कापून काढल्या. प्लास्टरच्या उघड्या डोळ्यांवर जाताजाता एक फडकं टाकून ठेवलं.

चित्रीकरणाच्या सकाळी धाकटी खुर्चीत बसली ती वाक्यं घोकतच.

"ताई, 'मी तुम्हाला ओळखते' यात जोर कशावर देऊ? 'मी'वर का 'तुम्हाला'वर?"

"आधी तोंड बंद कर, गोंद जाईल आत. हात दे."

धाकटीने हात दिला. तळवा नेहमीसारखा घामेजलेला होता. कातडं कपाळाला टेकवलं तसा तिने हात दोनदा दाबला. साचेबाईंनी काढायला बोटं घातली, पण तिने मान हलवली, वाक्यं सोडायची तिची तयारी नव्हती. मग हळूहळू तिची बोटं सैल पडली.

दुसऱ्याच्या डोक्यावरून काढलेलं कातडं कधी धड बसत नाही. नाकाच्या कडेला पोकळ राहतं, हनुवटीखाली सुरकुती पडते, आणि तिथे भर घालताघालता जीव मेटाकुटीला येतो. इथे भर लागलीच नाही. डब्याला त्याचंच झाकण बसावं तसं बसलं. साचेबाईंनी कानामागे कड शोधली, गोंद लावायला. ती सापडायला भिंग घ्यावं लागलं.

"ठीक आहेस ना?"

हात एकदा दाबला गेला. तळवा कोरडा होता.

सेटवर सहाही वंशांची गर्दी उभी होती. धाकटी त्यांच्यासमोर आली आणि साचेबाईंनी एकेक मुखवटा पुन्हा निरखून पाहिला. इतकी वर्षं त्यांनी हे मुखवटे निरनिराळे दिसावेत म्हणून जिवाचं रान केलं होतं. आता ते सगळे एका घरातले दिसत होते, एखाद्या आईभोवती जमलेल्या मुलांसारखे. साहजिकच आहे, त्या मनात म्हणाल्या, सगळे टकल्यावरच केलेत. पण गर्दीत दोन पोरं बिनमुखवट्याची होती, दिव्यांच्या तारा धरायला उभी केलेली. तीही त्यांना त्याच घरातली वाटली.

कॅमेरावाला मात्र खूश होता. "बाई, बहिणीने कमाल केली तुमच्या. इतका लांब शॉट, पण पापणी म्हणून लवली नाही तिची."

काम संपल्यावर कातडं उतरवायला त्यांनी तेल घेतलं. गोंद सुटायला वेळ लागतो, इंचाइंचाने सोडवावं लागतं, आणि धाकटी तेवढ्यात शंभर तक्रारी करते. या वेळी कातडं पहिल्याच हिसक्याला सबंध निघून हातात आलं. आत गोंदाचा थेंब नव्हता. खाली धाकटीचा चेहरा होता, लाल नाही, घाम नाही.

"झालं?" ती म्हणाली. "मला झोपच लागली होती."

५

त्या संध्याकाळी साचेबाई जिना चढून दारात पोचल्या तर धाकटी आधीच येऊन चपला काढत होती. दोघी खाली बरोबरच होत्या. किराणा घ्यायला वाण्याकडे धाकटीच मागे थांबली होती, साचेबाई सरळ वर निघाल्या होत्या.

"इतक्यात आलीस? पळत आलीस का काय?"

"लिफ्टने आले," धाकटी म्हणाली.

साचेबाईंनी पिशवी खाली ठेवली. मग त्यांनी स्वतःची समजूत घातली. चार वाक्यं मिळाली, माणसाला धीर येतो. आजवर ज्याची भीती होती ते दिवसभर तोंडावर वागवलं, आता लिफ्टचं काय वाटायचंय. चांगलंच झालं की.

पण न्हाणीघराची कडी आता आतून लागू लागली आणि गाणी बंद झाली. झोपायच्या खोलीचं दारही बंद होऊ लागलं. साचेबाईंच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. त्या आडून आडून विचारायला लागल्या. लहानपणी कपाटात कुठल्या मावशीने कोंडलं होतं, आईची निळी साडी कुणी फाडली, वडील रागावले की काय म्हणायचे. धाकटीने सगळं बरोबर सांगितलं, कुठेही अडखळली नाही. तेच त्यांना खटकलं. धाकटी एक गोष्ट सांगायला बसली की तिला दहा फाटे फुटायचे आणि मूळ गोष्ट राहून जायची. आता विचारलं तेवढंच उत्तर यायचं.

आपल्याच बहिणीची परीक्षा घेतोय, याची त्यांना लाज वाटत होती. जेवताना त्या तिच्याकडे बघायचं टाळू लागल्या. आणि न बघता राहवतही नव्हतं.

रविवारी दुपारी धाकटी दिवाणावर आडवी झाली होती, तोंडावर जाड टॉवेल घेऊन. पूर्वी पांघरूण गळ्याच्या वर आलं तरी दचकून उठणारी मुलगी. साचेबाई चष्मा शोधत होत्या. आवाज होऊ नये म्हणून अनवाणी, चवड्यांवर. टेबलावर पाहिलं, खिडकीत पाहिलं, उशीखाली पाहिलं.

"डोक्यावर आहे, ताई," टॉवेलच्या आतून धाकटी म्हणाली.

चष्मा खरंच डोक्यावर होता. नेहमी तिथेच असतो, साचेबाई स्वतःला म्हणाल्या. ती अंदाजाने बोलली. नेहमीचाच विनोद आहे आपल्या घरातला. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि टॉवेलकडे बघत राहिल्या. श्वासाने तो वरखाली व्हायला हवा होता. त्या बराच वेळ उभ्या होत्या, पण तो हलला असं काही त्यांना शपथेवर सांगता आलं नसतं.

"काय बघतेस?" धाकटीने विचारलं.

६

प्लास्टर खोटं बोलत नाही, हे मास्तरांचं वाक्य. साचेबाईंनी त्याचाच आधार घेतला. धाकटीचं जुनं डोकं फळीवर होतंच. नवा ठसा घ्यायचा आणि दोन्ही शेजारी ठेवायची. पुढच्या मालिकेत काम मिळतंय, नवं डोकं लागेल, अशी थाप त्यांनी मारली. धाकटी लगेच तयार झाली. तेही खटकलं.

भर सकाळ होती. शेजारी सुतारांची करवत चालू होती. धाकटी खुर्चीत बसली, डोळे मिटले. साचेबाईंनी ते मिटलेले दोन्ही डोळे नीट पाहिले, पापण्यांना तेल लावलं, भुवयांना लावलं. लापशी थापली. नाकपुड्यांच्या कडा स्वतःच्या करंगळीने साफ ठेवल्या. एका हातात धाकटीचा हात होता.

साचेबाई मनातल्या मनात विनवत होत्या. दाब. दोनदा दाब बाई. घाबर. मी लगेच काढते.

हात एकदा दाबला गेला. थोड्या वेळाने पुन्हा एकदा. ठीक आहे. ठीक आहे.

ठसा उतरवला, तेव्हा धाकटीचे डोळे मिटलेलेच होते. तिने ते उघडले, हसली आणि तोंड धुवायला मोरीकडे गेली. साचेबाईंनी प्लास्टर कालवून ओतलं आणि ते घट्ट होईपर्यंत कट्ट्याशी उभ्या राहिल्या. धाकटी खुर्चीत परत येऊन बसली. मग साचेबाईंनी पट्ट्या कापल्या आणि लापशी सोलली.

आधी कपाळ दिसलं. त्यावर आठी नव्हती. मग नाक. खुंट असायला हवे होते तिथे नितळ नाकपुड्या होत्या. त्यांनी आपल्या करंगळीकडे पाहिलं. मग वरचा तुकडा काढला.

डोळे उघडे होते.

त्यांनी भिंग उचललं आणि न वापरताच परत ठेवलं. फळीवरचं जुनं डोकं आणून शेजारी ठेवलं. आठी घातलेली, डोळे घट्ट मिटलेली आपली घाबरट पोर. दोन्हींची हनुवटी तीच, गालावरचा देवीच्या डागासारखा बारीक व्रण तोच. साचेबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. हिला आपणच त्या खुर्चीत बसवलं होतं.

७

"काय निघालं?" धाकटीने विचारलं.

साचेबाईंनी डोकं तिच्याकडे वळवलं. धाकटी ते बघून दचकली नाही, पण हसलीही नाही.

"मी डोळे मिटले होते, ताई. तू बघितलंस."

"बघितलं."

"मग हा तुझ्या लापशीचा दोष असेल. नाहीतर हाताचा."

"माझ्या हाताचा?"

"इतकी वर्षं त्या टकल्याच्या तोंडावरून हात कोण फिरवतंय? मी एक दिवस वागवला तो. तू रोज. महिनाभर माझ्याकडे चोरासारखी बघतेस, मला कळत नाही का? पण तुझा ठसा आजवर कुणी घेतलाय?"

कुणी घेतला नव्हता. साचेबाई सगळ्यांचे घेत, त्यांचा घ्यायला कुणाला येत नव्हतं. मास्तरांचा हात तेव्हाच कापायचा.

त्यांच्या विचाराला एकदम वाट फुटली. धाकटी म्हणते ते खरं असलं तर? पूड जुनी झाली असेल. पाणी बदललं असेल. तसं असेल तर आपलंही डोकं असंच निघेल, डोळे उघडे. म्हणजे दोष लापशीचा. म्हणजे धाकटी धाकटीच. आणि आपल्याला महिनाभराच्या संशयाबद्दल तिचे पाय धरावे लागतील, ते आपण आनंदाने धरू. इतका साधा मार्ग समोर असताना त्यांना रडू येत होतं.

"तुला जमेल?" त्यांनी विचारलं.

"किती वेळा बसलेय मी या खुर्चीत."

साचेबाई बसल्या. पाठ टेकली. त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा खुर्ची उंच होती. धाकटीने तेल लावलं, लापशी कालवली. हात दिला. साचेबाईंनी डोळे मिटले, अगदी घट्ट, आठी पडेपर्यंत. गार लापशी कपाळावरून खाली आली, पापण्यांवर बसली, ओठांवर बसली. करवतीचा आवाज दूर गेला. अंधार झाला.

धाकटीने हात दाबून विचारलं, एकदा. साचेबाईंनी एकदा दाबून सांगितलं.

मग लापशी नाकपुड्यांत शिरली. आधी एका, मग दुसऱ्या.

नवखा हात आहे, साचेबाईंना वाटलं, चुकली. आता दोनदा दाबायला हवा. पण आधी जीव गुदमरेल, तेव्हा दाबू, म्हणून त्या गुदमरण्याची वाट बघत राहिल्या. छाती भरून येईल, कानांत ठोके पडतील. वाट बघितली. आणखी बघितली. काही झालं नाही. कशाची घाईही वाटेना.

आणि मग त्यांना खोली दिसायला लागली.

आधी खिडकी. मग फळ्या, फळ्यांवरची डोकी, कुणाचं कपाळ, कुणाचे कान, सगळी एकाच घरातली. फडकं खाली सरकलेला टकल्या. त्यांनी पापण्या आणखी आवळल्या. खोली तशीच राहिली, जरा स्पष्टच झाली. समोर धाकटी होती, त्यांचा हात हातात घेऊन बसलेली. तिचे डोळे मिटलेले होते आणि ती त्यांच्याकडेच बघत होती. तिच्या कपाळावर काळजीची बारीक आठी होती, अगदी पूर्वीसारखी. साचेबाईंना इतकं हायसं वाटलं की सांगता सोय नाही.

लापशीत काही दोष नव्हता. धाकटी त्यांची सख्खी बहीण होती, याबद्दल आता त्यांच्या मनात कसलीही शंका उरली नाही. त्यांनी तिचा हात दाबला, एकदा.